तीन घटनादुरुस्त्या आणि त्यांतल्या फटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या वंशविभाजनावर लेख आला. त्याचा एकंदर सूर असा की १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, पण माणसांची मने बदलली नाहीत, म्हणून भेदभाव सवयीने चालत राहिला आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मोडून काढला. मने बदलली नव्हती हे खरेच. पण तेवढ्याने मतदारयादीतून लाखावर नावे उडत नाहीत. त्यासाठी मसुदा लिहावा लागतो, तो मंजूर करून घ्यावा लागतो, राबवायला कारकून बसवावा लागतो आणि कोणी आव्हान दिले की न्यायालयात टिकवावा लागतो. हे सारे अमेरिकेच्या दक्षिणेत रीतसर घडले, आणि बरेचसे गुलामगिरी संपल्यावर वीस ते चाळीस वर्षांनी घडले. तिथल्या बहुतेक राज्यांचे रेल्वेडबे वेगळे करणारे कायदे १८८७ ते १९०० या काळातले आहेत. ज्या पिढीने ते लिहिले तिच्या डोळ्यांदेखत कृष्णवर्णीय पुरुष मतदान करत होते, ज्यूरीत बसत होते, आणि मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स व ब्लँच ब्रूस हे दोघे सिनेटवर, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहावरही गेले होते. म्हणून कोणत्या कलमाने काय साधले, आणि राज्यघटनेतल्या कोणत्या शब्दाच्या आडोशाने ते टिकले, एवढे नोंदवण्यासाठी हे पत्र.

अमेरिकी राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीपासून सुरुवात करावी लागते. ६ डिसेंबर १८६५ ला तिची मंजुरी पूर्ण झाली. गुलामगिरी आणि सक्तीची चाकरी ती रद्द करते, पण मधे एक अपवाद ठेवते: रीतसर शाबीत झालेल्या गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल तर गोष्ट वेगळी. ही शब्दरचना १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या कायद्यातून जवळपास तशीच उचललेली होती. दक्षिणेतल्या विधिमंडळांना तेवढी फट पुरली.

मिसिसिपीने तर दुरुस्ती अमलात येण्याआधीच, नोव्हेंबर १८६५ मध्ये, 'ब्लॅक कोड' म्हणून ओळखले जाणारे कायदे केले. त्यांची यंत्रणा तपशिलात पाहण्यासारखी आहे. जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी प्रत्येक मुक्त कृष्णवर्णीयाकडे नोकरीचा किंवा बिऱ्हाडाचा लेखी पुरावा हवा. कामधंदा नसलेला सापडला तर तो उडाणटप्पू, आणि दंड ५० डॉलरपर्यंत. पाच दिवसांत दंड भरला नाही की शेरीफ त्याला कामावर लावून देई: जो दंड भरेल आणि बदल्यात सर्वांत कमी मुदतीची चाकरी मागेल, त्याच्याकडे. शिवाय १८ ते ६० वयाच्या प्रत्येक मुक्त कृष्णवर्णीयावर १ डॉलरपर्यंत डोईपट्टी, आणि पट्टी थकली की थकबाकी हाच उडाणटप्पूपणाचा पुरावा. वर्षाच्या करारातून कोणी सबळ कारण न दाखवता मधेच निघून गेला तर त्या वर्षाची तोवरची मजुरी बुडाली. त्याला पकडून परत आणणाऱ्याला ५ डॉलर आणि मैलामागे १० सेंट मिळत. ते मालकाने द्यायचे आणि मजुराच्या पगारातून वळते करून घ्यायचे. म्हणजे पळालेल्याने स्वतःला धरून आणण्याचा खर्चही स्वतःच सोसायचा. याच कायद्यात शहरांच्या हद्दीबाहेर जमीन खंडाने घ्यायला मनाई होती. ही तरतूद वरवर किरकोळ वाटते, पण बाकी सगळे तिच्यावर उभे आहे. स्वतःच्या खंडाच्या रानात राबणारा माणूस दुसऱ्याच्या वाड्यावर कराराचा कागद मागायला जात नाही. दक्षिण कॅरोलिनाने हेच दुसऱ्या टोकाने केले. शेतमजुरी आणि घरकाम सोडून इतर धंदा करायचा तर न्यायाधीशाचा परवाना आणि वर्षाला १० ते १०० डॉलर फी.

काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, एप्रिल १८६६ मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांचा नकाराधिकार झुगारून नागरी हक्कांचा कायदा केला, १८६७ मध्ये दक्षिणेचे पाच लष्करी विभाग पाडले, आणि हे कोड गेले. पद्धत मात्र गेली नाही. पुढच्या वेळी कायद्यात वंशाचे नाव घ्यायचे नाही, एवढा धडा मसुदाकारांनी घेतला. अलाबामाचा उचलीचा कायदा त्याचा उत्तम नमुना आहे. मजुराने उचल घेतली आणि ती न फेडता काम सोडले, तर त्याचा हेतू सुरुवातीपासूनच फसवणुकीचा होता असे कायदा गृहीत धरी. बरे, आपल्या मनात काय होते हे सांगण्याची आरोपीला मुभा नव्हती, कारण राज्याच्या पुराव्याच्या नियमानुसार न बोललेल्या हेतूबद्दल तो साक्ष देऊ शकत नसे. अलोन्झो बेली या मजुराने महिना १२ डॉलरच्या वर्षभराच्या करारावर १५ डॉलर उचल घेतली आणि महिनाभराने काम सोडले. शिक्षा झाली ३० डॉलर दंड आणि खर्च, न भरल्यास १३६ दिवस सक्तमजुरी. यांतले २० दिवस दंडापोटी आणि ११६ दिवस कोर्टखर्चापोटी होते. या प्रकारच्या कायद्यांत डोळा नेहमी खर्चाच्या आकड्यावर ठेवावा, दंडाच्या नव्हे. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला.

तरी जामीनदारीचा मार्ग उरलाच. त्याचे गणित 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध रेनॉल्ड्स' या १९१४ च्या निकालात छापलेले आहे. एका मजुराला दंड झाला १५ डॉलर आणि खर्च ४३ डॉलर ७५ सेंट. ते एका जमीनमालकाने भरले आणि महिना ६ डॉलर दराने ९ महिने २४ दिवस राबण्याचा करार लिहून घेतला. मजूर मधेच निघून गेला, म्हणून करारभंगाचा नवा गुन्हा. आता दंड फक्त १ सेंट, पण खर्च ८७ डॉलर ५ सेंट. नवा जामीनदार, नवा करार, मुदत १४ महिने १५ दिवस. असे चाक कितीही फिरवता आले असते. न्यायालयाने तेही बंद पाडले, पण तुरुंगातले कैदी खाणमालकांना भाड्याने देण्याची पद्धत अलाबामात १९२८ पर्यंत चालली, कारण ती थेट तेराव्या दुरुस्तीच्या अपवादात बसत होती.

चौदावी दुरुस्ती ९ जुलै १८६८ ला पूर्ण झाली. नागरिकत्व, नागरिकांचे विशेषाधिकार, कायद्याची रीतसर प्रक्रिया, कायद्याचे समान संरक्षण असे भरभक्कम शब्द तिच्या पहिल्या कलमात आहेत. पण मनाई कोणाला? कोणतेही 'राज्य' असे करणार नाही, असे ते कलम म्हणते. या एका शब्दावर पुढची ऐंशी वर्षे निघाली. त्याआधी 'विशेषाधिकार' हा शब्द निकामी झाला, आणि तोही मुक्त गुलामांच्या खटल्यात नव्हे. न्यू ऑर्लिन्सच्या गोऱ्या खाटकांनी एका कंपनीला दिलेल्या २५ वर्षांच्या कत्तलखान्याच्या मक्त्याला आव्हान दिले होते. १८७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की संघराज्याच्या नागरिकत्वाचे हक्क मोजकेच असतात, राजधानीला जाणे, बंदरे वापरणे, भर समुद्रात संरक्षण मिळणे असे. रोजच्या जगण्यातले बाकीचे हक्क राज्याने सांभाळावेत.

त्या निकालाच्या आदल्याच दिवशी, १३ एप्रिल १८७३ ला, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानात कोलफॅक्सच्या न्यायालयाच्या इमारतीपाशी स्थानिक पदांच्या वादातून सशस्त्र गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांची कत्तल केली. शरण आलेल्यांनाही सोडले नाही. संघराज्याच्या वकिलांनी नव्या दुरुस्त्या राबवण्यासाठी केलेल्या १८७० च्या अंमलबजावणी कायद्याखाली खटले भरले, मोठ्या मुश्किलीने तिघांना दोषी ठरवले, आणि १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेही सोडले. 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध क्रुकशँक' हा तो निकाल. चौदावी दुरुस्ती राज्याला बांधते, खासगी माणसांना नाही. तक्रार असेल तर राज्याकडे करा. राज्य काहीच करत नसेल तर काय, याला निकालात उत्तर नाही. १८८३ मध्ये याच तर्काने १८७५ चा नागरी हक्क कायदा कोसळला. खानावळ, नाट्यगृह, प्रवासी वाहन यांत वंशावरून अटकाव केल्यास पीडिताला ५०० डॉलर भरपाई, अशी तरतूद त्यात होती. एकत्र चाललेल्या पाच खटल्यांत दोन नाट्यगृहांचे होते, एक सॅन फ्रान्सिस्कोचे आणि एक न्यूयॉर्कचे, हे दक्षिणेच्याच नावाने खडे फोडणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. असहमत फक्त केंटकीचे न्यायमूर्ती हार्लन. एकेकाळी ते स्वतः गुलामांचे मालक होते.

चौदाव्या दुरुस्तीचे दुसरे कलम तर कोणी आठवतही नाही. प्रौढ पुरुषांचा मताधिकार राज्याने कापला तर त्याच प्रमाणात त्या राज्याच्या प्रतिनिधिगृहातल्या जागा कापायच्या, असे ते सांगते. एकाही राज्याची एकही जागा त्याखाली कापली गेली नाही. उलट मत न देऊ शकणारी माणसे लोकसंख्येत धरली जाऊन दक्षिणेच्या जागा वाढल्या. गुलाम होते तेव्हा पाचाला तीन मोजले जात. आता पूर्ण पाच मोजले गेले आणि मते तेवढी गोऱ्यांची.

आता मताचा भाग, जिथे कारागिरी सर्वांत बारीक आहे. ३ फेब्रुवारी १८७० ला पूर्ण झालेली पंधरावी दुरुस्ती मताचा हक्क देत नाही. वंश, रंग किंवा पूर्वीची गुलामी या कारणांवरून तो नाकारता येणार नाही, इतकेच ती म्हणते. १८६९ मध्ये सिनेटपुढे रुंद मसुदा होता. मालमत्ता, शिक्षण, धर्म, जन्मस्थान या कारणांनाही त्यात मनाई होती. तो टिकला नाही, आणि दोष एकट्या दक्षिणेचा नाही. मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकट यांच्याकडे स्वतःच्या साक्षरतेच्या अटी होत्या, कॅलिफोर्नियाला चिनी मतदार नको होते, ऱ्होड आयलंडला परदेशात जन्मलेल्यांवरची मालमत्तेची अट सोडायची नव्हती. १८७६ च्या 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध रीस' या निकालाने अर्थ पक्का केला. केंटकीतल्या लेक्झिंग्टनमध्ये कर भरल्याशिवाय मत नव्हते, आणि कृष्णवर्णीयाने देऊ केलेला कर वसुली कारकून घेतच नव्हता. ज्या कायद्याखाली खटला भरला तो वंशापुरता मर्यादित लिहिलेला नाही म्हणून न्यायालयाने त्याची ती कलमेच रद्द केली.

मिसिसिपीने १८९० मध्ये नवी राज्यघटना लिहिली. जनतेच्या मतासाठी ती ठेवलीच नाही. तिच्यात वंश हा शब्द मताच्या कलमांत नाही. राज्यात दोन वर्षे आणि मतदान विभागात एक वर्ष वास्तव्य हवे. वाट्याने शेती करणारा कुळ-मजूर दर हिवाळ्यात जमीन बदलतो, तो इथेच गळतो. दोन वर्षांचे सगळे कर निवडणुकीच्या वर्षाच्या १ फेब्रुवारीपर्यंत भरलेले हवेत आणि मतदानाच्या वेळी त्याचा पुरावा दाखवायला हवा. हा मधला काळ पावत्या हरवण्यासाठीच जणू ठेवलेला. मतदान कर २ डॉलर. या कराबद्दलची सर्वांत बोलकी ओळ अशी की त्याच्या वसुलीसाठी फौजदारी कारवाई करता येणार नाही. सरकारला तो कर नकोच होता. तो थकलेला हवा होता. मग वाचनाची अट: राज्यघटनेचे कोणतेही कलम वाचता यावे, किंवा वाचून दाखवल्यावर समजावे, किंवा त्याचा वाजवी अर्थ सांगता यावा. कलमे एकूण २८५. कोणते द्यायचे आणि अर्थ वाजवी की गैरवाजवी, हे नोंदणी अधिकारी ठरवणार. निरक्षर गोऱ्याला दार उघडण्यासाठी 'किंवा' होते आणि साक्षर काळ्याला बंद करण्यासाठी 'वाजवी' होते. शेवटी अपात्र ठरवणाऱ्या गुन्ह्यांची यादी. लाच, चोरी, घरफोडी, जाळपोळ, खोटी साक्ष, बनावट दस्त, द्विभार्या वगैरे तीत आहेत. खून आणि बलात्कार नाहीत. काळ्यांकडून कोणते गुन्हे होतात याचा जो समज अधिवेशनात होता, त्यावरून यादी बेतली होती, आणि १८९६ मध्ये खुद्द मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने ते निकालपत्रात उघड लिहून ठेवले. तरी 'विल्यम्स विरुद्ध मिसिसिपी' या १८९८ च्या निकालात वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाला त्यात वावगे दिसले नाही, कारण मजकुरात भेद नव्हता. तो खटला मुळात ज्यूरीचा होता. ज्यूरी मतदारांतून निवडतात; मत गेले की ज्यूरीही गेली, आणि मग प्रत्येक फौजदारी खटला गोऱ्या बारा जणांपुढे.

लुइझियानाने १८९८ मध्ये साक्षरता आणि मालमत्तेच्या अटी घालून एक सुटका ठेवली: १ जानेवारी १८६७ ला किंवा त्याआधी जो मतदार होता तो, त्याचा मुलगा किंवा नातू यांना अट नाही. 'आजोबा-कलम' ते हेच. तारीख पाहा. त्या राज्यात कृष्णवर्णीयांना मत मिळाले ते १८६७ च्या मार्चमधल्या कायद्यानंतर. परिणाम मोजता येतो. १८९६ मध्ये तिथे १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०० मध्ये उरले ५,३२० आणि १९०४ मध्ये १,३४२.

दाद मागायला कोणी गेले नाही असे नाही. अलाबामाच्या १९०१ च्या राज्यघटनेत १९०३ पूर्वी नोंदलेल्यांना आजन्म मतदार करण्याची सोय होती, आणि त्या काळात नोंदणीसाठी 'चांगले चारित्र्य' पुरे होते. अर्थात ते नोंदणी मंडळाने पारखायचे. माँटगोमेरीच्या जॅक्सन गाइल्स यांनी हजारोंच्या वतीने दावा लावला. १९०३ चा निकाल न्यायमूर्ती होम्स यांचा. त्यातला पेच वाचून वकिलानेही डोक्याला हात लावावा. वादीच म्हणतो की नोंदणीची सगळी योजना लबाडीची आहे; तर मग त्याचे नाव त्याच यादीत घालून न्यायालयाने लबाडीत भर का घालावी? आणि योजना खरोखर लोकांनीच चालवली असेल तर कागदी हुकूम काय कामाचा? राजकीय विभागाकडे दाद मागा. ज्याचे मत काढून घेतले आहे त्याला मतातून निवडून आलेल्यांकडे पाठवले गेले. आमच्या मते, वंशावरून वेगळे रेल्वेडबे मान्य करणाऱ्या १८९६ च्या 'प्लेसी' निकालापेक्षा हा निकाल जास्त घातक आहे आणि लेखांमधून त्याचा उल्लेख जवळपास नसतोच.

न्यायालयाने एक फट बुजवली की दुसरी पाडली जाई. १९१५ मध्ये ओक्लाहोमाचे आजोबा-कलम रद्द झाले. राज्याने नवा कायदा केला: १९१४ मध्ये ज्यांनी मत दिले ते आपोआप नोंदले; बाकीच्यांनी ३० एप्रिल ते ११ मे १९१६ या बारा दिवसांत नोंदावे, नाहीतर कायमचे बाद. हे बारा दिवस रद्द व्हायला १९३९ उजाडले. टेक्सासमध्ये पक्षाचा उमेदवार ठरवणारी पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक गोऱ्यांपुरती होती. १९२७ मध्ये कायद्याने केलेली बंदी गेली, तेव्हा अधिकार पक्षाच्या समितीला दिला. १९३२ मध्ये तोही गेला, तेव्हा पक्षाच्या अधिवेशनाने ठराव केला, आणि पक्ष खासगी म्हणून १९३५ मध्ये तो टिकला. 'राज्य' हा शब्द पुन्हा इथे. १९४४ मध्ये मात्र न्यायालयाने तो निकाल फिरवला.

रेल्वेच्या प्रकरणाबद्दल थोडे. लुइझियानाच्या १८९० च्या कायद्यात 'समान पण वेगळी' सोय होती. चुकीच्या डब्यात हट्टाने बसणाऱ्या प्रवाशाला २५ डॉलर दंड किंवा २० दिवस कैद, आणि चुकीचा डबा देणाऱ्या कर्मचाऱ्यालाही तेवढीच शिक्षा. प्रवाशाचा वंश ठरवणार तिकीट तपासणारा, उभ्या उभ्या, आणि त्याने उतरवून दिले तर भरपाईचा दावा नाही. दुसऱ्या वंशाचे मूल सांभाळणाऱ्या दाईला मात्र सूट. गोऱ्या बाळाला कडेवर घेतलेली काळी दाई चालते, तीच बाई एकटी चालत नाही. मग संसर्गाचा की आरोग्याचा जो काही बहाणा असेल तो तिथेच संपतो. न्यू ऑर्लिन्सच्या नागरिक समितीने खटला ठरवून उभा केला. होमर प्लेसी दिसायला गोरे, पूर्वजांपैकी आठवा हिस्सा आफ्रिकी. ७ जून १८९२ चे तिकीट मुद्दाम राज्यांतर्गत, न्यू ऑर्लिन्स ते कॉव्हिंग्टन, कारण आंतरराज्य प्रवासावर हा कायदा चालत नाही हे आधीच ठरले होते. १८ मे १८९६ ला सात विरुद्ध एक असा निकाल लागला आणि कायदा टिकला; असहमत पुन्हा एकटे हार्लन. बहुमताने आधार घेतला तो बॉस्टनच्या शाळांच्या १८५० च्या निकालाचा, जो चौदाव्या दुरुस्तीच्या आधीचा होता आणि खुद्द मॅसॅच्युसेट्सने १८५५ मध्ये कायदा करून मोडीत काढला होता. समान सोयीचा तपास कोणी करायचा हे निकालात नाही, आणि म्हणून 'वेगळी' राहिली, 'समान' कागदावर. तीनच वर्षांनी जॉर्जियातल्या ऑगस्टाच्या शिक्षण मंडळाने कृष्णवर्णीयांची एकमेव माध्यमिक शाळा पैशाअभावी बंद केली आणि गोऱ्या मुलींची चालू ठेवली, तेव्हा न्यायालयाने एकमताने हात वर केले. ते निकालपत्र हार्लन यांनीच लिहिले.

पुढच्या वकिलांनी आधी 'समान' या शब्दालाच मोजपट्टी लावली. टेक्सास विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात १६ पूर्णवेळ प्राध्यापक, ८५० विद्यार्थी आणि ६५,००० वर ग्रंथ. कृष्णवर्णीयांसाठी घाईने काढलेल्यात ५ प्राध्यापक, २३ विद्यार्थी, सुमारे १६,५०० ग्रंथ. १९५० मध्ये हा हिशेब टिकला नाही. १७ मे १९५४ च्या ब्राऊन निकालाने शाळांतले विभाजनच घटनाबाह्य ठरवले, पण ३१ मे १९५५ च्या दुसऱ्या आदेशात मुदत दिली नाही, केवळ यथायोग्य त्वरेने करा म्हटले. मुदत नसलेल्या आदेशाचे जे व्हायचे ते झाले. विद्यार्थी-वाटपाचे कायदे आले, प्रत्येक मुलाने स्वतंत्र अर्ज आणि स्वतंत्र अपील करायचे. व्हर्जिनियाच्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने (जिल्ह्याने) १९५९ ते १९६४ सार्वजनिक शाळाच बंद ठेवल्या. १९६३-६४ मध्ये गृहयुद्धात फुटून निघालेल्या जुन्या बंडखोर अकरा राज्यांत गोऱ्यांबरोबर शिकणारी कृष्णवर्णीय मुले १.२ टक्के होती. आपल्या लेखातले 'मोडून काढले' ते हे.

माँटगोमेरीच्या बसबद्दलचा एक रूढ समजही दुरुस्त करायला हवा. बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांना १० डॉलर दंड आणि ४ डॉलर खर्च झाला, पण बसचा नियम त्यांच्या अपिलात पडला नाही. राज्याच्या न्यायालयांत ते अपील लोंबकळत राहील हे वकिलांनी ओळखले आणि फेब्रुवारी १९५६ मध्ये दुसऱ्या स्त्रियांच्या नावे थेट संघराज्याच्या न्यायालयात 'ब्राऊडर विरुद्ध गेल' हा दावा लावला. कृष्णवर्णीयांचा बसवरचा बहिष्कार ३८१ दिवस चालला. कायदा पडला तो या दाव्यात. त्या शहराच्या नियमात बसचालकाला प्रवाशांना जागा लावून देण्यापुरते पोलिसाचे अधिकार होते. नोंदणी कारकून, तिकीट तपासणारा, बसचालक: घटनेचा अर्थ लावण्याचे काम नेहमी खालच्या माणसाकडे दिलेले आढळते, कारण त्याच्या तोंडी निर्णयाचा कागद मागे राहत नाही.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्यात काँग्रेसने हॉटेल-खानावळींचा प्रश्न सोडवला तो मुख्यतः चौदाव्या दुरुस्तीने नव्हे, आंतरराज्य व्यापाराच्या अधिकाराने. १८८३ चा निकाल अजून उभा होता, त्याला वळसा घालावा लागला. म्हणून अटलांटातल्या हॉटेलच्या खटल्यात समतेपेक्षा २१६ खोल्या आणि ७५ टक्के परराज्यातले पाहुणे यांचीच चर्चा जास्त आहे, आणि बर्मिंगहॅमच्या खानावळीच्या खटल्यात बाहेरून आलेल्या मांसाची.

६ ऑगस्ट १९६५ च्या मताधिकार कायद्याने मात्र नेमक्या दुखण्यावर बोट ठेवले. तोवर प्रत्येक काउंटीविरुद्ध वेगळा दावा, वर्षानुवर्षे नोंदवह्यांची तपासणी, आणि निकाल लागेपर्यंत नवी अट हजर. नव्या कायद्याने बाजू उलटवली. १ नोव्हेंबर १९६४ ला जिथे मतदारनोंदणीसाठी साक्षरतेसारखी चाचणी लागू होती आणि नोंदणी किंवा मतदान ५० टक्क्यांखाली होते, तिथे चाचण्या बंद, आणि नियमात कोणताही बदल करायचा तर आधी वॉशिंग्टनची मंजुरी. बदल भेदभावाचा नाही हे राज्याने सिद्ध करायचे. गरज तिथे संघराज्याचे नोंदणी अधिकारी. मिसिसिपीतली कृष्णवर्णीयांची नोंदणी ६.७ टक्क्यांवरून १९६७ पर्यंत ५९.८ टक्क्यांवर गेली. लोकांची मने दोन वर्षांत बदलली नव्हती. सिद्ध करण्याचे ओझे बदलले होते. २५ जून २०१३ ला 'शेल्बी काउंटी' निकालात पाच विरुद्ध चार मतांनी ही राज्ये निवडण्याचे सूत्र रद्द झाले. २००६ मध्ये सिनेटने त्याच कायद्याला ९८ विरुद्ध ० मतांनी २५ वर्षांची मुदतवाढ दिली होती. निकालाच्याच दिवशी टेक्सासने या मंजुरीअभावी अडलेला मतदार-ओळखपत्राचा कायदा लागू करत असल्याचे जाहीर केले.

लेखात हा सगळा विषय भूतकाळी क्रियापदांत आहे, म्हणून शेवटी दोन नोंदी. तेराव्या दुरुस्तीतला शिक्षेचा अपवाद आजही तसाच आहे. काही राज्यांनी आपापल्या राज्यघटनेतून तसे शब्द काढले, कोलोरॅडोने २०१८ मध्ये, अलाबामा आणि टेनेसी यांनी २०२२ मध्ये; त्याच वर्षी लुइझियानाच्या मतदारांनी तसा प्रस्ताव फेटाळला. आणि मिसिसिपीची १८९० ची गुन्ह्यांची यादी: १९५० मध्ये तीतून घरफोडी वगळली, १९६८ मध्ये खून आणि बलात्कार घातले, बाकीची यादी तशीच राहिली. तिला दिलेले आव्हान ऐकायला सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२३ ला नकार दिला.

आपले,
अमेरिकी घटना-इतिहासाचे दोन अभ्यासक